चोक सोडला की बंद पडते

३ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार आणि तब्येतीची चौकशी पत्राच्या शेवटी करीन, आधी गाडीचं. तुझी मोटरसायकल काल चालू झाली. शेडमध्ये फळ्यांच्या ढिगामागे, तुझ्याच ताडपत्रीखाली उभी होती तशीच. किक मारून मारून माझी पोटरी भरून आली आणि आता सोडून द्यावं म्हणते तोच ती अशी धडधडली की कोपऱ्यात झोपलेलं मांजर थेट छपरावर गेलं. मी एकटीच टाळ्या वाजवत उभी होते.

पण आनंद दोन मिनिटांचा. चोक ओढलेला असेपर्यंत चालते, चोक सोडला की दोनदा खोकते आणि बंद. पुन्हा ओढा, पुन्हा चालू. मी दिवसभर कवळ्या करते. दातांतलं सगळं कळतं, इंजिनातलं ओ की ठो कळत नाही.

घाई का आहे ते सांगते. एप्रिलच्या सुरुवातीला बाबांचं लाकूड येतंय, त्यासाठी शेड रिकामी हवी. त्यांनी भंगारवाल्याला सांगूनही ठेवलंय. मी भांडले तर म्हणाले, "जिला सख्ख्या भावाचा फोन उचलायला होत नाही, तिची गाडी मी का म्हणून सांभाळू?" तुमचं काय बिनसलंय ते विचारलं तर म्हणतात, तिलाच विचार. शेवटी खूप डोकं खाल्लं तेव्हा एक अट घातली. तुझी गाडी स्वतःच्या चाकांवर घाट चढून तुझ्या दारात उभी राहिली, तर ती शेडमध्ये राहील. टेम्पोत घालून नेली तर धरणार नाहीत.

मी हो म्हणून बसलेय. आता काय करू ते सांग. काल तुला फोन केला होता, तू उचलला नाहीस. बाबा शेजारीच होते, म्हणाले, "बघ." म्हणून हे पत्र. गाडी मी घासूनपुसून लख्ख केलीये, आणखी एक गोष्ट केलीये, पण ती भेटल्यावरच दाखवीन. तब्येत कशी आहे?

तुझी ठिणगी

९ फेब्रुवारी

ठिणगे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी चहा गाळत होते. अर्धा चहा कपात पडला, अर्धा ओट्यावर. गाडी चालू झाली हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग ओटा पुसला.

आता नीट ऐक. चोक ओढला की हवा अडते आणि इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. चोकशिवाय ती जगत नाही याचा अर्थ तिला पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटरच्या पोटात दोन पितळी जेट असतात, मधे आरपार भोक असलेले. मोठा पळताना कामाला येतो, छोटा जागेवर उभं असताना. पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट गोंद होतो आणि छोट्याचं भोक बुजतं. पेट्रोलचा कॉक बंद कर, कार्बोरेटरची खालची वाटी सोड, छोटा जेट काढून उजेडाकडे धर. पलीकडचं दिसलं नाही तर चोर सापडला. पेट्रोलमध्ये भिजत घाल आणि साफ कर. तुला काय शिकवायचं म्हणा. तुमचे डॉक्टर दाताच्या मुळात शिरून साफसफाई करतात, तशीच.

आणि मला आवाज लिहून पाठव. "विचित्र आवाज येतो" असलं काही लिहू नकोस, विचित्र तर तुझा बापही बोलतो. भकभक की फटफट, खडखड की टिकटिक, कुठून येतो, रेस दिली की वाढतो का, सगळं लिही. एसटी डेपोत कामाला असताना मी पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बसायचे, आणि ड्रायव्हर निकालाला उभं राहिल्यासारखे माझ्या तोंडाकडे बघायचे. आता पेचकस तू.

फोन करत बसू नकोस. फोनवर इंजिन ऐकवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. तुझ्या बापाला सांग, अट मंजूर. आणि म्हणावं, मांजराला खाली उतरव.

आत्या

१५ फेब्रुवारी

आत्या,

चोर सापडला. जेट उजेडाकडे धरला तर आत मिट्ट काळोख. रात्रभर भिजवला, फुंकलं, काही नाही. मग तुझं ते मुळाचं वाक्य आठवलं. शेजारच्या दवाखान्यातून दाताच्या नसेत घालतात ती केसाएवढी फाइल मागून आणली आणि प्लॅस्टरच्या जबड्यांमध्ये जागा करून, भिंग लावून बसले. आमच्या लॅबच्या मालकिणीला वाटलं कुणाचा सोन्याचा दात आलाय. हळूहळू फिरवत फिरवत भोक असं आरपार, गोल, गुळगुळीत केलं की डॉक्टरांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

आणि गाडी चोकशिवाय चालते. खरंच चालते. मी तिच्यावर बसून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

फक्त मागून काळा धूर येतो. पेट्रोलचा वास इतका की बोळातल्या आजोबांनी रुमाल नाकाला लावला. प्लग काढून पाहिला, तो तव्याच्या बुडासारखा काळा. आवाज असा: भुक, भुक, भुकभुक, मग जरा विचार केल्यासारखी थांबते आणि भॉक. रेस दिली की भुकभुक कमी होतं, पण सोडली की पुन्हा भॉक, आणि तो मागून, सायलेन्सरमधून. बाबा रंधा मारत होते. मान वर न करता म्हणाले, "चूल पेटली वाटतं."

पण ते तीन वेळा दाराशी येऊन बघून गेले. मी मोजलं.

ठिणगी

२१ फेब्रुवारी

अगं भवाने,

मी गंमत केली होती. जेटच्या भोकाचं माप कारखान्यात ठरलेलं असतं, केसभर इकडेतिकडे झालं तरी इंजिनाला कळतं. त्यात फाइल फिरवून तू विहीर खणलीस. आधी ती उपाशी मरत होती, आता बुडून मरतेय, म्हणून धूर, म्हणून काजळी. पण यात माझा दोष आहे. दात करणाऱ्या पोरीला "मुळात शिर" म्हणून सांगायचं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. साऱ्या जगात ही चूक फक्त आपल्या दोघींना मिळूनच करता आली असती.

सोबत कापसात गुंडाळून दुसरा जेट पाठवतेय, माझ्या डब्यात जपून ठेवलेला. त्यात फुंकरीशिवाय काही घालू नकोस, टाचणी नाही, तार नाही, तुझी ती फाइल तर नाहीच. बोटांनी फिरवत बसव, शेवटी पेचकसाने नुसतं टेकव, पितळेचे आटे मऊ असतात. कार्बोरेटरच्या बाजूला एक बारीक स्क्रू आहे. तो अलगद पूर्ण आत घाल, मग दीड फेरा बाहेर काढ. गाडी तापली की थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवून बघ आणि आवाज जिथे सगळ्यात सरळ येईल तिथे सोडून दे. प्लग ब्रशने घासून कोरडा कर.

तुझं भॉक फार छान होतं. वाचून मी इतकी हसले की खालची शिंपीण कात्री हातात घेऊन वर बघायला आली.

आत्या

४ मार्च

आत्या,

आता ती कशी वाजते ऐक: टुकटुकटुकटुक, एकसारखी, मधे एकही ठोका चुकत नाही. जेट बसवला, स्क्रू फिरवला, आणि एका जागी आवाज असा सरळ झाला की माझ्या अंगावर काटा आला. धूर नाही. प्लग विटकरी. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला उचलून फिरवलं, तिने मला लाटणं दाखवलं.

मग घाटात गेले, आणि तिथे माशी शिंकली. पहिली वळणं अशी चढली की मी मोठ्याने गात होते. मग चांगल्या वेगात असताना एकदा अडखळली, टुकटुकचं टुक… टुक झालं, जोर गेला, आणि फुस्स. किक मारली, काही नाही. कठड्यावर बसून राहिले, थोड्या वेळाने सहज किक मारली तर पहिल्याच फटक्यात चालू. पुन्हा काही वळणं, पुन्हा फुस्स. दुसऱ्या दिवशी गेले, तेच. तिसऱ्यांदा गेले, तेच. मला वाटतं तापल्यामुळे होत असावं. काल उताराने नुसती घरंगळत घरी आणली. बाबा फाटकाशी उभे होते. मागून हात लावून गाडी आत ढकलू लागले. भंगारवालाही सकाळी येऊन टायर दाबून गेला होता म्हणे.

आत्या, काल मी बाबांना पुन्हा विचारलं, आणि त्यांनी सांगितलं. करवतीत बोट गेलं त्या दिवशी त्यांनी दवाखान्यातून आधी तुला फोन केला. आम्हाला नंतर. तुला सगळं सांगितलं, आणि तू म्हणालीस, "छान, छान, असंच चालू दे," आणि फोन ठेवलास. नंतर उचललाच नाहीस. सांगताना ते भिंतीकडे बघत होते.

तू असं म्हणणार नाहीस. म्हणालीस का? मला खरं सांग, मी गाडी तरीही आणीन.

ठिणगी

९ मार्च

ठिणगे,

घाटात बंद पडण्याची दोन कारणं असू शकतात, एक तर प्लगला ठिणगी नाही, नाही तर पेट्रोल नाही. थांबून विश्रांती घेतली की दोन्ही बरी होतात, म्हणून माणूस फसतो. तेव्हा बंद पडल्याबरोबर तपासायचं. फडक्याने धरून प्लग काढ, गरम असेल. त्याच्या टोपीत घालून इंजिनाच्या अंगाला टेकव आणि किक मार. ठिणगी उडताना दिसली तर प्लगला वीज देणारी कॉइल निर्दोष. प्लग परत बसव. त्यानंतर, आणि त्यानंतरच, पेट्रोलला हात लाव. दोन्ही एकत्र केलंस तर पेटशील.

कार्बोरेटरकडून नळी सोडवून बाटलीत धर आणि कॉक उघड. धार सुरू होऊन बारीक होत गेली, मग थेंब थेंब आली, तर टाकीत हवा जात नाहीये. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी टाकीच्या झाकणाला एक बारीक वाट असते. कॉक बंद कर, झाकण उघड, आणि काय आवाज होतो ते लिही. आणि तू गाडीला काय काय केलंस ते सगळं लिही. "भेटल्यावर दाखवीन" म्हणालीस ते सुद्धा.

पण या सगळ्याच्या आधी दुसरं लिही. कुठलं बोट? कुठल्या हाताचं, किती गेलं, दुखतं का, रंधा धरता येतो का त्याला. लगेच लिही. गाडी बंद पडलेली असली तर असू दे, पडून राहू दे, आधी हे लिही.

आत्या

१५ मार्च

आत्या,

आधी बोट. डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं, वरचं पेर गेलं. आता दुखत नाही. रंधा धरता येतो, करवत धरता येते, फक्त बारीक खिळा चिमटीत धरताना वैतागतात आणि खिळ्याच्या आईबापांचा उद्धार करतात. तुला हे काहीच कसं माहीत नव्हतं, हा विचार करत मी तुझं पत्र घेऊन दोन दिवस फिरले. पण ते पुढे लिहिते, कारण जसं घडलं तसं सांगितलं नाही तर माझा मलाच ताळमेळ लागणार नाही.

काल घाटात गेले. ठरल्या जागी फुस्स. प्लग काढला, किक मारली, निळी ठिणगी टचकन उडाली. नळी सोडवली. धार, बारीक धार, थेंब, थेंब, बंद. झाकण उघडलं आणि आत्या, टाकीने श्वास घेतला. सूंऽऽऽप. बुडणारा माणूस वर येऊन घेतो तसा. नळीतून धो धो धार.

आता मी काय केलं होतं ते सांगते. झाकणाखालचं रबर चुरा झालं होतं, टाकीवर पेट्रोल उडायचं. म्हणून मी नवं रबर ओतलं, आम्ही हिरड्यांना टोचू नये म्हणून कवळीखाली लावतो त्या मऊ गुलाबी मसाल्याचं. साचा घेतला, ओतलं, तासलं, केसाची फट राहू दिली नाही. आमच्या धंद्यात फट राहिली की पेशंट दुसऱ्या दिवशी दारात. ते इतकं सुबक झालं होतं की तुला दाखवून शाबासकी घ्यायची होती. त्याच शाबासकीने हवेची वाट बुजवली. घाटातच ब्लेडने खाच पाडली, झाकण लावलं, आणि गाडी निघाली ती टुकटुकटुक करत, अडखळली नाही, पेट्रोल संपत आलं म्हणून मीच वळवली.

पायथ्याच्या दुकानातून तुला फोन केला. राहवलंच नाही. बराच वेळ वाजला आणि शिंपिणीने उचलला. ती तुझा झंपर द्यायला वर आली होती. म्हणाली, "फोन एवढा वाजतोय आणि ताई हातभर अंतरावर पाठ करून लिहीत बसल्यात. अगं, त्यांना आता ऐकू येत नाही ना. तुम्हाला घरात माहीत नाही?"

मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडले. दुकानदाराला वाटलं कुणी गेलं. आत्या, तू एकटीने हे का सोसलंस? मला राग आलाय आणि तुझी इतकी आठवण येतेय की दोन्ही एकदम होतंय. बाबांना सांगू का? तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. पुढच्या रविवारी पहाटे निघते.

ठिणगी

१९ मार्च

ठिणगे,

आधी डावा गेला, मग हळूहळू उजवा. सगळी उमर इंजिनाला कान लावून काढली, इंजिनाने ते ठेवून घेतले. फोनवर मी अंदाजाने बोलायचे. आवाजाची घुंघुं थांबली की "छान, छान" म्हणायचे, बहुतेक वेळा खपून जायचं. तो त्या दिवशी ओरडला असेल, रडला असेल, माझ्यापर्यंत नुसती घुंघुं आली. मी म्हटलं, रोजचंच काही सांगतोय.

मग भीती वाटायला लागली आणि मी फोन उचलणं सोडलं. आवाजावरून दुखणं ओळखणारी म्हणून मला लोक मानत होते. तुझ्या बापाला कळलं असतं तर त्याने मला उचलून घरी नेलं असतं, खिडकीशी बसवलं असतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खूण करून सांगितलं असतं. त्यापेक्षा त्याला राग आलेला बरा, असं वाटलं. पेर गेलं हे माहीत असतं तर वाटलं नसतं. मी रात्री उठून माझ्याच हाताचं ते बोट धरून बसते.

एक सांगते. तू लिहिलेलं भॉक मी ऐकलं. टुकटुक ऐकलं, सूंप ऐकलं. फार दिवसांत मी काही ऐकलं नव्हतं. डोळ्यांनी वाचलं आणि डोक्यात वाजलं, आणि दुखणं कुठे आहे ते मला कळलं. माझं दुकान अजून बंद झालेलं नाही, ठिणगे.

ये. बापाला काय सांगायचं ते तू आल्यावर ठरवू.

आत्या

२४ मार्च

बाबा,

गाडी आत्याच्या दारात उभी आहे. स्वतःच्या चाकांवर चढली, एकदाही थांबली नाही, माथ्यावर मी मुद्दाम वेग कमी केला आणि तिने तक्रार केली नाही. शिंपीण साक्षीला आहे. अट पुरी झाली.

आत्याने मला आत ये सुद्धा म्हटलं नाही. आधी गाडीभोवती फिरली, झाकण उघडून माझी खाच बोटाने चाचपली, म्हणाली, "ठीक आहे." मग पायरीवर बसली आणि तोंड पदरात घेतलं.

बाबा, आत्याला ऐकू येत नाही. तुमचं बोट गेलं तेव्हाही येत नव्हतं. तुम्ही काय सांगत होतात ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तुम्हाला कळलं तर तुम्ही तिला घरी आणून खिडकीशी बसवाल, या भीतीने तिने फोन उचलणं सोडलं. हे तिला स्वतःला लिहायचं होतं, तीनदा लिहून तीनदा फाडलं, आणि मग माझ्याकडे कागद सरकवून म्हणाली, "तू लिही. तुझं तो ऐकतो."

पुढच्या शनिवारी निघतो. हो, दोघी. ती मागे बसणार म्हणते, आणि गिअर कधी बदलायचा ते माझ्या पाठीवर टिचक्या मारून सांगणार आहे. मी मेले. तुम्ही एकच करा. बोलताना तिच्या समोर उभे राहा आणि तोंडात खिळे धरून बोलू नका. तिला ओठ वाचावे लागतात.

तुमची ठिणगी

२८ मार्च

ताई,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. लिहितोय.

मी तुझ्यावर रागावलो आणि तो राग तुझ्या गाडीवर काढणार होतो. भंगारवाल्याला आज परत पाठवलं. तो म्हणाला, आधी बोलावता, मग हाकलता. मी म्हटलं, हो. लाकूड लवकर आलं, ते अंगणात ताडपत्रीखाली रचलंय. शेड झाडून ठेवलीये. तुझी खोली तू आलीस की पसंत कर. खिडकीशी बसायचं की नाही ते तुझं तू बघ, मी काही म्हणणार नाही. माझ्या यंत्राच्या करवतीचा पट्टा हल्ली थरथरतो, ते तुला दाखवायचं आहे.

खिळे तोंडात धरणं सोडलं. आता खिशात ठेवतो. दोन सदरे फाटले, ठिणगीची आई बोलतेय.

शनिवारी दुपारपासून मी फाटकाशी असेन. तू दिसलीस की लांबूनच हाक मारायची लहानपणापासूनची सवय आहे. ती मारणार नाही. हात हलवीन.

तुझा भाऊ